इकडील सर्व क्षेम
(प्रस्तावना)

आमच्या आष्टी तालुक्यातल्या घरात माजघराच्या खुंटीला एक तार लटकलेली असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की आकड्यात खुपसायचं आणि खाली सरकवायचं. वर्षानुवर्षांची पोस्टकार्डं तिथं एकावर एक बसलेली, चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली. कुणी गेल्याचं पत्र मात्र या तारेला लागत नसे. ते अंगणात उभ्या उभ्या वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करून मगच घरात यायचं. त्यामुळं आमच्या तारेवर कुणी मेलेलंच नव्हतं. सगळी नुसती खुशाली.

उत्तरं लिहिण्याचं काम चौथीपासून माझ्याकडं आलं. आज्जीला लिहिता येत नव्हतं, सांगता मात्र फार नेटकं यायचं. ‘इकडील सर्व क्षेम’ ही पहिली ओळ ठरलेली, मग घरात कुणी तापानं फणफणलेलं का असेना. त्यानंतर पाऊस. कुठल्या नक्षत्रात पडला, ओल किती गेली, वाफसा आला का. मग बैल, मग गाय, मग विहिरीचं पाणी. निम्मं कार्ड असं संपल्यावर माणसं येत, तीही वडीलधाऱ्यांपासून खाली उतरत. वहिनीला दिवस गेल्याची बातमी एकदा पत्त्याच्या कडेला आडवी लिहावी लागली. मी कुरकुरले, “आज्जी, आधी माणसांचं लिहू की.” ती म्हणाली, “सांगते तसं लिही तू.”

या संग्रहाचा विषय ठरला तेव्हा पहिली अडचण शब्दाची आली. माणसाचं, गावाचं आणि भोवतीच्या सृष्टीचं बरं असणं, हे सगळं एका शब्दात कसं बसवायचं? ‘आरोग्य’ म्हटलं की दवाखाना डोळ्यांपुढं येतो. ‘सुख’ फार खासगी, घराचं दार लावून भोगायचं. ‘कल्याण’ हा खरा चांगला शब्द, पण तो आता वापरून वापरून गुळगुळीत झाला. कल्याण म्हणजे एक तर स्टेशन, नाही तर सरकारचं एखादं खातं. ‘हित’ म्हटलं की कुणीतरी आपल्याला दोन शब्द सुनावणार असं वाटतं. शेवटी आज्जीच्याच कार्डाकडं परत जावं लागलं. क्षेम आणि खुशाली, एक संस्कृतातून आलेला, दुसरा फारसीतून, आणि दोन्ही मराठीत इतके मुरले की एकाच ओळीत शेजारी नांदतात. त्यांची गंमत अशी की हे शब्द एकट्यानं वापरताच येत नाहीत. खुशाली विचारायची असते किंवा कळवायची असते. कुणी विचारणारं नसेल तर ती नुसती असून भागत नाही. या प्रस्तावनेत मला म्हणायचं आहे ते एवढंच. बाकीचे त्याचे दाखले आहेत.

योगक्षेम हा जोडशब्द आपल्याला गीतेमुळं ओळखीचा आणि आयुर्विमा महामंडळामुळं अधिकच. मुंबईत महामंडळाच्या मुख्यालयाच्या इमारतीचं नावच ‘योगक्षेम’ आहे. त्यातला योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, आणि क्षेम म्हणजे जे आहे ते राखणं. जुन्या भाष्यकारांनी केलेली ही फोड मला आजच्या कुठल्याही विकास-अहवालापेक्षा कामाची वाटते. कारण आपले सगळे हिशेब योगाचे असतात. किती घरं दिली, किती रस्ते झाले, किती जोडण्या झाल्या. क्षेमाचं खातं कुणी उघडतच नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहती पाहाव्यात. झोपडीतल्या माणसाला पक्कं घर मिळालं, संडास आत आला, नळ आला. हा योग झाला. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अभ्यासकांनी तिथल्या क्षयाच्या रुग्णांचा आणि घरात न येणाऱ्या ऊन-वाऱ्याचा संबंध दाखवून दिला. झोपडीत जे ऊन फुकट होतं ते नव्या घराच्या किमतीत गेलं. ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

व्याख्यांचा दुष्काळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ साली तयार झालेल्या घटनेनं सांगितलं की रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्हींचं पूर्ण बरं असणं म्हणजे आरोग्य. त्यातल्या ‘पूर्ण’ या शब्दावर तेव्हापासून वाद चालू आहे, कारण त्या मापानं पाहिलं तर पृथ्वीवर निरोगी माणूस सापडायचा नाही. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. त्या व्याख्येत नदी नाही, माती नाही, बैल नाही. आज्जीच्या कार्डाचा पहिला अर्धा भाग तिथं गाळलेला आहे.

२०१२ पासून देशांच्या आनंदाचा जागतिक अहवाल निघतो. त्यासाठी लोकांना एक शिडी कल्पायला सांगतात, सर्वांत खालची पायरी शून्य आणि वरची दहा, आणि विचारतात, तुम्ही आज कुठल्या पायरीवर उभे आहात? २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा होता आणि फिनलंड, २०१८ पासून असतो तसा, पहिला. दरवर्षी आपल्याकडं यावर दोन दिवस चर्चा होते, मग विसरतात. प्रश्न वाईट नाही. पण तो एकेकट्याला विचारलेला आहे. आमच्या आज्जीला कुणी शिडी दाखवली असती तर तिनं पायरीचा आकडा सांगण्याआधी विचारलं असतं, खाली शिडी कुणी धरलीय?

आष्टीहून जामखेड जवळ. आमच्याकडं बाळंतपण अडलं की ‘जामखेडला न्या’ म्हणायची पद्धत होती. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. आले ते रोग बरे करायला. दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ समोर उभा राहिला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना आमच्या पिढीच्या आया-आज्या ‘तांबडी मिलो’ एवढंच सांगतात. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी, मुलांना मिळणारी सुकडी आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी आख्खी गावं. अशा वेळी गोळ्या कुणाला द्यायच्या? लोकांना पाणी हवं होतं आणि पोरांच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं. लोकांना विचारल्यावर हे कळलं, आणि कळल्यावर डॉक्टरांनी आपलं काम बदललं. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते.

पाण्याची हकिगत आरोळ्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. गावागावांत कूपनलिका घ्यायच्या ठरल्या. पाणी कुठं लागेल ते दाखवायला भूगर्भतज्ज्ञ आला, तर त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पाणी दलित वस्तीतच शोध. दुष्काळात जिथं पाणी लागतं तिथं लोक जातात. हातपंप त्या वस्तीत बसला आणि वरच्या आळीच्या बायकांना घागरी घेऊन तिकडं जावं लागलं. शिवाशिवीवर एकही भाषण झालं नाही. हांडा भरेपर्यंत रांगेत उभं राहायचं म्हणजे बोलणं आलंच, आणि त्या बोलण्यातून एकमेकींची खुशाली विचारली जायला लागली. सगळी जात त्या पंपानं धुऊन नेली असं मी म्हणणार नाही. माझं बालपण त्याच भागात गेलं आहे. पण पाण्याचा प्रश्न आणि माणसांमधल्या अंतराचा प्रश्न एकाच भोकातून सुटू शकतो हे तिथं दिसलं.

दुसरी गोष्ट बायांची. आधीचा बेत असा होता की शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवायच्या. त्या टिकेनात. मग प्रत्येक गावानं आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी आणि तिला शिकवावं असं ठरलं. निवडून आलेल्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हतं, पुष्कळ जणी दलित, काही टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जाऊन सांगायचं. डोळ्यांत काय पाहायचं, बाळाचा दंड किती बारीक आहे, अतिसारात मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, जखमेला काय लावायचं आणि काय लावू नये. १९७१ साली त्या परिसरात हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत जात होती. नव्वदीच्या दशकात तो आकडा तिशीखाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनीच चालवलेल्या आरोग्यकामांवर जो ग्रंथ काढला त्यात जामखेडचं प्रकरण आहे, आणि तीन वर्षांनी आल्मा-आटा इथं प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला तेव्हा असे दाखले जगापुढं होते. १९७९ साली आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र या सगळ्यात त्या बाईचं घरी परतणं महत्त्वाचं वाटतं. काल जिला कुणी ‘ये, बस’ म्हणत नव्हतं, तिला आज ओसरीवर बोलावून विचारतात, बाई, पोराचं बघ की जरा. पोराचं बरं होता होता तिचंही काहीतरी बरं होत गेलं. त्याचा आकडा कुठल्या तक्त्यात नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास गेले. तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारलं, तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? उत्तर असं आलं की कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. दवाखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत फिरतात आणि आमच्यात प्रेत पांढऱ्यात गुंडाळतात. मोठ्या इमारतीत वाट हरवते. आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. मग शोधग्राम या बंगांच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाइकांसकट राहण्याचा, आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. देवीच्या घरी जायला कुणाला भीती?

त्याआधीचा त्यांचा अभ्यास मी कितीही वेळा वाचला तरी तिथंच थबकते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या ८ टक्के. म्हणजे घराघरांतून पत्रं जात होती, इकडील सर्व क्षेम. ज्या बाईच्या अंगावरून महिनोन्महिने जात होतं तिच्याच चुलीशेजारी बसून ती लिहिली जात होती. आमची तारही मी आता वेगळ्या नजरेनं आठवते. त्या शेकडो कार्डांमध्ये आज्जीनं स्वतःच्या कंबरेबद्दल एक ओळ कधी सांगितली नाही, आणि मीही विचारलं नाही. खुशालीच्या परंपरेचं कौतुक करताना एवढं लक्षात ठेवायला हवं की ती विचारायची कुणाला हे ठरलेलं असे.

म्हणूनच जुन्या गावाच्या नावानं उसासे टाकणारं लेखन या संग्रहात आम्ही येऊ दिलेलं नाही. आलं होतं पुष्कळ. देवराईवर तर फारच. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत देवाच्या नावानं राखलेली ही रानं आहेत, आणि सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा नीट अभ्यास करून त्यांचं मोल अभ्यासकांपुढं ठेवलं. तिथं वाळलेली फांदी उचलायची तरी देवाला विचारावं लागतं. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पडली तर देवानं हो म्हटलं. डावी पडली तर कुऱ्हाड घेऊन घरी जायचं. एका कौलाच्या वेळी मी बसलेली आहे. अर्धा तास काहीच पडेना. शेजारी बसलेला माणूस, ज्याला मंदिराच्या मंडपासाठी झाड हवं होतं, हळूहळू चुळबुळ करायला लागला, मग घड्याळ पाहायला लागला, आणि मग कौतुकाची गोष्ट अशी की गप्प बसला. घाईत असलेल्या माणसाला अर्धा तास झाडाकडं बघत बसवणारी दुसरी कुठली व्यवस्था आपल्याकडं आहे? पर्यावरणाच्या जनसुनावण्यांना मी गेले आहे. तिथं कौल आधीच लागलेला असतो.

पण त्याच देवराईत पाळीच्या दिवसांत बाईनं जायचं नाही, आणि अमक्या वाडीतल्यांनी तमक्या दगडाच्या पुढं यायचं नाही, हेही असतं. गाऱ्हाण्यात गुरंढोरं येतात, मुंबईचे चाकरमानी येतात, सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. म्हणणारे मात्र पुरुष, आणि मानाप्रमाणं बसलेले. रान राखलं गेलं हे खरं. ते ज्या रीतीनं राखलं ती रीत जशीच्या तशी परत आणू असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

नवी रीत घडवता येते का? गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या शंभराच्या आसपास घरांच्या गोंड गावानं ती घडवली असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकात गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यात मोठी धरणं येणार होती, रानं बुडणार होती, त्याविरुद्ध लोक उठले. त्या धगीतून हे गाव विचार करायला लागलं. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन साथीला राहिलेले. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यापेक्षा मला त्यांचा अभ्यासगट मोलाचा वाटतो. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या सहमतीनं, एकही जण नाही म्हणाला तर थांबायचं. पण त्याआधी अभ्यासगटात बसून नुसतं समजून घ्यायचं. तिथं ठराव नाही, मतदान नाही, बाहेरचा माणूसही बसू शकतो. मध काढायचा तर पोळं जाळून का काढायचा, मधमाश्या न मारता निघेल का, असल्या प्रश्नांवर हे गाव बसलेलं आहे. मधमाशीची खुशाली विचारायला सभा भरवणारी माणसं मी आणखी कुठं पाहिलेली नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणारी जी पहिली गावं, त्यांत हे. हक्क मिळाला आणि बांबूवर गाडं अडलं. जुन्या भारतीय वन कायद्यात बांबूला झाडांत धरलेलं, म्हणजे तो लाकूड, म्हणजे वाहतुकीचा परवाना वनखातं देणार. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे. गवत म्हटलं तर ते गौण वनोपज, म्हणजे गावाचं. एवढ्या एका शब्दावर गावाचं पोट दोन वर्षं अडून बसलं होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबू विकला गेला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला, आणि ग्रामसभेनं पॅन कार्डही काढलं. जंगलाचं बरं, गावाचं बरं आणि मजुराच्या चुलीचं बरं हे तीन विषय आहेत असं आपण धरून चालतो, तीन मंत्री नेमतो. मेंढ्यात बांबूच्या एका बेटाशी उभं राहिलं की ते तिन्ही एकाच मुळातून वर येताना दिसतात. किती तोडायचा, कोवळा कुठला ठेवायचा, पुढच्या वर्षी किती मजुरी निघेल. एकाच बेटाचा हिशेब. २०१३ साली गावानं आपली जमीनही ग्रामदानात द्यायचं ठरवलं. तिथं सगळं सुरळीत आहे असं समजू नये. सहमतीला वेळ लागतो, तरुणांना बाहेरचं जग खुणावतं, आणि पैसा आला की पैशाचे प्रश्न येतात.

हिवरे बाजारवर इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटोपते. नगर तालुक्यातलं हे अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आली, बांध-बंधारे झाले, शेतीला बोअर घ्यायला मनाई झाली, ऊस आणि केळीही गेली. मला आवडतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते गावातल्या पर्जन्यमापकावर मोजायचं, माणसांना-जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर पीक कमी. आज्जीच्या कार्डाचाच क्रम. एक खोट बोलून दाखवते. चराईबंदीचा पहिला भार शेळीवर पडतो, आणि शेळी असते भूमिहीनाची. गवत कापून न्यायला मुभा असली तरी कापायला हात लागतात. ज्याला जमीन नाही त्यानं गावाच्या क्षेमासाठी काय सोडलं याची नोंद ताळेबंदात कुठल्या बाजूला करायची, हे अशा प्रत्येक आदर्श गावाला विचारायला हवं.

आणि जिथं कुणीच विचारत नाही? विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनामा होतो आणि प्रकरण जिल्हा समितीपुढं जातं. मग प्रश्न सुरू होतात. जमीन कुणाच्या नावावर? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवाना असलेल्या सावकाराचं? थकीत होतं का? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं जमली तर मरण ‘पात्र’ ठरतं आणि वारसाला १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. नाही जमली तर ‘अपात्र’. आमच्या तालुक्यातल्या एका घरात मी बसले होते. गेलेल्या माणसाची बायको कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. त्यात सातबारा, आधार, बँकेचं पत्र, शवविच्छेदनाचा अहवाल. ती म्हणाली, “ताई, एवढं समदं इचारत्यात. तवा कुणी एक डाव इचारलं असतं, काय रं, जेवलास का.” मी वहीत काही लिहिलं नाही. पिशवीवर लग्नाच्या कापडदुकानाचं नाव होतं, तेवढं आठवतं.

या संग्रहात पुढं येणारे लेख डॉक्टरांचे आहेत, शिक्षकांचे आहेत, दोन शेतकऱ्यांचे, एका आशाताईचा, एका नगररचनाकाराचा. एकमेकांशी त्यांचं सगळं जुळतं असं नाही. डॉक्टर माणूस धरून बसतात, वनस्पतीवाल्यांना माणूस आडवा येतो, आणि समाजशास्त्राचे लोक दोघांनाही जात विसरलात म्हणून टोकतात. हे भांडण आम्ही मिटवायला गेलो नाही. लेखांचा क्रम लावताना विषयांप्रमाणं तीन भाग पाडून पाहिले होते, व्यक्ती, समाज, निसर्ग. अर्धे लेख कुठल्याच भागात बसेनात, किंवा तिन्हींत बसायला लागले. आशाताईंचा लेख तेवढा सांगते. तो एका गरोदर बाईच्या कमी भरलेल्या रक्ताबद्दल सुरू होतो. मग बाईला घरी खायला काय मिळतं, शेताच्या बांधावर पूर्वी मिळणारी तांदुळजा-घोळ-कुरडू कुठं गेली, तणनाशक कधीपासून मारायला लागले, आणि फवारणीची मजुरी कुणाला मिळते इथवर जातो. हा आरोग्याचा लेख की शेतीचा, यावर आमची दोन दिवस हुज्जत झाली. शेवटी भाग काढून टाकले आणि लेख सरसकट एकापुढं एक ठेवले, तारेवरच्या कार्डांसारखे. वाचणाऱ्यानं कुठूनही सुरुवात करावी. वाटलं तर आशाताईंपासून.

वाचताना एक गोष्ट मात्र खटकेल, ती आधीच सांगून ठेवते. शहरातल्या मध्यमवर्गाबद्दल इथं कमी आहे. योगाचे वर्ग, चालण्याची पावलं मोजणारं घड्याळ, मुळशीकडच्या डोंगरात शनिवार-रविवारच्या मनःशांतीची शिबिरं, यांवर एकही लेख नाही. शांततेची जाहिरात करणारे ते मोठाले फलक मी जाता-येता पाहते, आणि त्यांच्यामागं कापलेला डोंगरही. त्या शिबिरांतून माणसं ताजीतवानी होऊन येतात हे मी नाकारत नाही. माझी मैत्रीण जाते, तिला झोप लागायला लागली. पण तिच्या सोसायटीला टँकर कुठल्या गावच्या विहिरीतून येतो हे तिला ठाऊक नाही, आणि त्या विहिरीच्या मालकाला ती ठाऊक नाही. त्या दोघांना एकमेकांची खुशाली विचारायला लावणारा लेख आम्हाला मिळाला नाही. कुणी लिहील तर पुढच्या आवृत्तीत जागा ठेवली आहे.

आमची ती तार आता नाही. घर वाटणीत गेलं, माजघराच्या जागी स्लॅबचं बांधकाम आलं, पत्रं कुणी बंबात घातली ते कळलं नाही. आत्या अजून गावातच असते. गेल्या वर्षी जुलैत, या प्रस्तावनेचा पहिला खर्डा चाललेला असताना, मी तिला फोन केला. तिचा गुडघा दुखतो, म्हणून विचारलं, “कशी आहेस आत्या?”

“न्हाई ना पडला अजून,” ती म्हणाली. “उगवून आलंया, पण माना टाकल्यात.”

मी परत विचारलं, अगं तुझं कसं आहे, गुडघा कसा आहे. “हाय की,” एवढंच म्हणून ती थांबली. पलीकडं गोठ्यातली साखळी वाजत होती. मग मी विचारलं, विहिरीला किती पाणी आहे? तेव्हा कुठं ती मोकळी होऊन बोलायला लागली. विहिरीवरून मोटारीवर आली, मोटारीवरून धाकट्याच्या नोकरीवर, त्यावरून शेजारच्या भांडणावर, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, फोन ठेवता ठेवता, गुडघ्यावर.